आधी, व्याधी आणि आबे फारिया

आधी आणि व्याधी हे दोन शब्द आपल्या भाषेत इतक्या जोडीने नांदत आले आहेत की, त्यांपैकी पहिला मनाच्या पीडेचा आणि दुसरा देहाच्या पीडेचा वाचक आहे, याचे भान बोलताना सहसा राहत नाही. गोमंतकातील देवळांत गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा मुलाचा ताप, सुनेची धास्ती, भावाभावांतील कज्जा आणि म्हाताऱ्याचा दमा ही सर्व एकाच विनवणीत येऊन बसतात. ज्यांनी ही चाल पाडली त्यांना चिंता आणि ज्वर ही एकाच घरची भावंडे वाटत असावीत. या समजुतीत खरे किती आणि भाबडे किती, हे तपासून पाहण्याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. त्यातील एक निर्णायक पाऊल बारदेशातील कांदोळी गावी जन्मलेल्या एका पुरुषाने टाकलेले आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचा त्याच्याशी परिचय पणजीतील पुतळ्यापलीकडे गेलेला नसतो.

प्रारंभ आपल्या वैद्यकग्रंथांपासून करणे उचित होईल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषचिकित्सेचा जो तेविसावा अध्याय आहे, त्यात 'शंकाविष' नावाचा एक विकार सांगितला आहे. गडद अंधारात माणसाला काही तरी टोचते. टोचणारा काटा असेल, निर्विष किडा असेल. पण आपल्याला सर्पच डसला, अशी शंका त्याच्या मनात शिरते. मग त्याला ताप चढतो, वांती होते, अंगाची आग होते, मूर्च्छा येते, अतिसारही होतो. विष नाही, पण विषाची लक्षणे मात्र आहेत. आम्हांस विशेष वाटते ते यापुढचे. अशा रोग्याला 'तुला काही झालेले नाही, ऊठ' असे सांगून वाटेला लावावे, असे चरक म्हणत नाही. वैद्याने त्याला धीर द्यावा, खडीसाखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध यांचे पेय द्यावे, मंत्रून दिलेले पाणी त्याच्या अंगावर शिंपडावे, त्याचे सांत्वन करावे आणि त्याला प्रसन्न करावे, असा उपचार तो सांगतो. म्हणजे विष खोटे असले तरी रोग खोटा नव्हे, हे त्या ग्रंथकाराला पुरते उमगले होते. सुश्रुतानेही याच जातीचा एक प्रकार नोंदला आहे. सर्पाचा नुसता स्पर्श झाला तरी भित्र्या माणसाच्या अंगी वात प्रकुपित होऊन सूज येते, आणि त्याला त्याने 'सर्पांगाभिहत' असे नाव दिले आहे.

चरकाने अतिसाराचे सहा प्रकार मानले, त्यांत भयाने होणारा आणि शोकाने होणारा असे दोन प्रकार स्वतंत्र ठेवले. काम, शोक, भय आणि क्रोध यांनी येणारे ज्वरही त्याने वेगळे काढले. उपचारांचीही त्याने तीन दालने केली: देव, मंत्र, होम, उपवास यांवर अवलंबणारे दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधे यांच्या योजनेचे युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकारक विषयांपासून मनाला आवरून धरण्याचे सत्त्वावजय. एका दालनात शिरलेल्याने दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, असे त्याने कोठेही सुचविलेले नाही. पुढच्या काळात आपल्याकडे ही तीन दालने तीन वेगळ्या माणसांच्या हाती गेली, आणि त्यांपैकी प्रत्येकजण उरलेल्या दोघांना लबाड म्हणू लागला, हा आपला दोष, ग्रंथाचा नव्हे.

तथापि हे सर्व निरीक्षण सूत्ररूपाने राहिले. मन देहावर काय करते, हे मुद्दाम कसोटी लावून पाहण्याचे काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस नगरीत झाले; आणि ते झाले एका भोंगळ कल्पनेच्या निमित्ताने. फ्रांट्झ आंटोन मेस्मर नावाचा वैद्य 1778 साली व्हिएन्नाहून पॅरिसला आला. सर्व विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, देहातील त्याचा प्रवाह अडला की रोग होतो आणि आपल्या हातांनी तो प्रवाह मोकळा करता येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. यास तो 'प्राणिज चुंबकत्व' म्हणे. एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून निघालेले लोखंडी गज दुखऱ्या जागी टेकवीत, आणि काही वेळाने कोणाला झटके येत, कोणी रडे, कोणी हसे. पुष्कळांना बरेही वाटे. सरदार घराण्यांतील स्त्रियांची तेथे रीघ लागली.

सोळाव्या लुईने 1784 साली या प्रकाराच्या चौकशीसाठी मंडळ नेमले. त्यात अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, ज्योतिर्विद बेयी होते. मेस्मर स्वतः पुढे आला नाही. त्याचा शिष्य देलाँ याने प्रयोग करून दाखविण्याचे पत्करले. मंडळाची युक्ती साधी होती. पासी येथील फ्रँकलिनच्या बागेत जर्दाळूच्या एका झाडात 'चुंबकत्व' भरण्यात आले, आणि बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक अशा दुसऱ्याच झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित पडला. आणि त्या झाडाचा चुंबकत्वाशी काही संबंध नव्हता. एका स्त्रीला साध्या पाण्याच्या पेल्याने झटके आले आणि नंतर 'भारलेला' पेला ती शांतपणे प्याली. मंडळाने निर्णय दिला की, द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते कल्पनेने घडते. रोग्याचे किंवा वैद्याचे डोळे बांधून औषधाची परीक्षा घेण्याची आजची जी पद्धत आहे, तिचा एक उगम या बागेत सापडतो.

या निर्णयाचे महत्त्व मान्य करूनही आम्हांस असे वाटते की, त्या थोर मंडळींनी दार उघडले आणि उंबऱ्यावरूनच ती परत फिरली. नुसत्या कल्पनेने बारा वर्षांचे पोर बेशुद्ध पडते, तर ही कल्पना म्हणजे सामान्य वस्तू नव्हे! देलाँने तेव्हाच विचारले होते की, कल्पनेचे औषध गुणकारी असेल तर आम्ही ते का वापरू नये? त्या प्रश्नाची कोणी दखल घेतली नाही. 'केवळ कल्पना' यातील 'केवळ' हा शब्द पुढे शंभर वर्षे वैद्यांच्या जिभेवर राहिला.

हा 'केवळ' खोडून काढण्याचा पहिला धीट प्रयत्न जुझे कुस्तोदियु द फारिया याने केला. त्याचा जन्म 1756 सालचा, कांदोळीचा; पितृकूळ कोलवाळचे. सोळाव्या शतकात धर्मांतर केलेल्या अंतू शेणवी या सारस्वत ब्राह्मणाचे आपण वंशज, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. आणि आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर फारियाने स्वतःच्या नावापुढे 'ब्राह्मण' अशी उपाधी घातली आहे, हे नमूद करण्यासारखे आहे. आईबापांचे पटले नाही. बाप पुन्हा पाद्री झाला, आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली, आणि मुलगा बापाबरोबर 1771 साली लिस्बनला गेला. रोमला शिकून 1780 साली त्याने दीक्षा घेतली.

लिस्बनमधील एक गोष्ट गोमंतकात घरोघर सांगितली जाते. राणीसमोर प्रवचन करण्यासाठी तरुण फारिया व्यासपीठावर चढला आणि समोरचे ते वैभव पाहून त्याची वाचाच बसली. घसा कोरडा, पाय लटपटणारे. खाली बसलेला बाप हळूच कोंकणीत म्हणाला: "हीं सगळीं भाजी, कातर रे भाजी!" त्या दोन शब्दांसरशी पोराची भीती पळाली आणि प्रवचन अस्खलित झाले. ही गोष्ट कागदोपत्री सिद्ध करण्याच्या खटपटीत आम्ही पडत नाही. ती टिकली याचे कारण तिच्यात आहे: भयाने देह जखडतो, आणि आपल्या माणसाच्या तोंडचा आपल्या भाषेतला एक शब्द तो देह मोकळा करतो.

1787 साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. त्याची झळ लिस्बनमधील फारिया पितापुत्रांपर्यंत पोहोचली आणि पुढच्याच वर्षी मुलाने पॅरिस गाठले. तेथे राज्यक्रांती त्याने केवळ पाहिली नाही; 1795 च्या उठावात तो एका तुकडीच्या अग्रभागी होता. पुढे त्याने मार्सेय आणि नीम येथे अध्यापन केले, आणि 1813 साली पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर तो मोहनिद्रेवर जाहीर व्याख्याने देऊ लागला. सावळ्या वर्णाचा, उंच, पाद्र्याच्या वेषातील हा पुरुष पाहण्यासच निम्मी गर्दी होत असे.

त्याची रीत मेस्मरच्या उलट होती. पिंप नाही, गज नाहीत, अंगावरून हात फिरविणे नाही. माणसाला आरामात बसवावे, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करावयास सांगावे, आणि मग खणखणीत आवाजात आज्ञा द्यावी: 'झोपा!' तेवढ्याने न साधल्यास आपला उघडा तळहात दाखवून त्यावर दृष्टी खिळवावयास लावावे. इतक्यावर कित्येकांना गाढ मोहनिद्रा लागे. फारियाचे म्हणणे असे की, या निद्रेचे कारण निजविणाऱ्याच्या अंगी नसते. ते निजणाऱ्याच्याच ठायी असते. निजविणारा फक्त निमित्त. त्या काळी असले प्रयोग करणारा प्रत्येकजण 'माझ्या हाती शक्ती आहे' असे सांगत असता, 'माझ्या हाती काही नाही' असे जाहीर करणारा हा एकटा होता. बाजारात बसून आपल्या मालाला किंमत नाही असे सांगण्यासारखेच ते होते.

याचे फळ त्याला तात्काळ मिळाले. चुंबकत्ववाल्यांनी त्याला घरभेदी म्हटले. पंडितांनी भोंदू म्हटले. धर्मपीठाशी निष्ठा राखणाऱ्यांना त्यात सैतानाचा हात दिसला. एका नटाने त्याच्या सभेत झोपेचे सोंग केले आणि ऐन वेळी डोळे उघडून सर्वांसमक्ष त्याची फजिती केली. 1816 साली त्याची टर उडविणारे प्रहसन रंगभूमीवर आले आणि प्रेक्षक पोट धरून हसले. फारिया मागे सरला, जोगिणींच्या एका संस्थेत उपाध्याय म्हणून राहू लागला आणि ग्रंथ लिहीत बसला. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड 1819 साली निघाला, आणि त्याच वर्षी 20 सप्टेंबर रोजी तो वारला. मोंमार्त्र येथील त्याच्या थडग्यावर नाव नाही. पुढे अलेक्झांद्र द्यूमाने आपल्या प्रसिद्ध कादंबरीत त्याचे नाव एका इटालियन कैदी पाद्र्याला देऊन टाकले. तेव्हा जगाला माहीत आहे तो फारिया कादंबरीतला, खरा नव्हे.

त्याची सर्वच मते टिकली असे मात्र नव्हे. ज्यांचे रक्त पातळ त्यांना मोहनिद्रा लवकर लागते, असे तो मानी. ते आज कोणी मानणार नाही. तसेच, ही विद्या त्याने हिंदुस्थानातील योग्यांकडून उचलली असे आपल्याकडे अभिमानाने सांगण्यात येते. पंधरा वर्षांचा असताना जो गोवा सोडून गेला, त्याला कोणत्या योग्याने ती केव्हा शिकविली, हे सांगणाऱ्यांनी सांगावे. त्याचे मोठेपण त्याच्या स्वतःच्या निरीक्षणात आहे, आणि तेवढे पुरे आहे.

त्याच्या मागून काय झाले ते थोडक्यात सांगतो. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यवैद्याने 1845 पासून मोहनिद्रेत मोठमोठ्या गाठी कापल्या आणि रोग्यांना वेदना जाणवल्या नाहीत. सरकारने त्याला 1846 साली कलकत्त्यास एक लहानसे रुग्णालयही दिले. पण त्याच सुमारास ईथर आणि मागोमाग क्लोरोफॉर्म आले आणि हा मार्ग ओसाड पडला. तासन् तास रोग्यांवर हात फिरवून त्यांना निजविण्याचे काम त्याचे देशी मदतनीस करीत. इतिहासात नाव मात्र साहेबाचे राहिले. इंग्लंडमध्ये ब्रेडने 1843 साली या विद्येला तिचे आजचे पाश्चात्य नाव रूढ केले. फ्रान्समध्ये नोआझे या फारियाच्या श्रोत्याकडून ही परंपरा नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम या वैद्यांपर्यंत पोहोचली. आणि सूचनेने मोहनिद्रा आणण्याच्या तत्त्वाचा पहिला मान बर्नहाइमने निःसंदिग्धपणे फारियाला दिला. आपल्याकडे डॉ. दाल्गाद यांनी 1906 साली त्याचे चरित्र लिहून त्याचा ग्रंथ पुन्हा छापला. 1925 साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. हेच मोनिझ पुढे 1949 साली मेंदूवरील ज्या शस्त्रक्रियेसाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, ती शस्त्रक्रिया आज वैद्यकाने टाकून दिली आहे; फारियावरचे पुस्तक मात्र अजून वाचले जाते.

फारियाला जे दिसले त्याची देहातली वाट कोणती, हे त्याला सांगता येणे शक्य नव्हते. ती वाट हळूहळू उलगडली. अमेरिकेतील फरच्या व्यापारात राबणाऱ्या एका कामगाराला 1822 साली बंदुकीचा बार लागून त्याच्या पोटाला कायमचे भोक राहिले. बोमाँट या वैद्याने त्या भोकातून वर्षानुवर्षे जठर न्याहाळले आणि राग वा भीती आली की पचनाचा रंग पालटतो, हे 1833 साली लिहून ठेवले. शतकाच्या अखेरीस वॉल्टर कॅनन क्ष-किरणांखाली मांजराच्या पोटाची हालचाल पाहत होता. मांजर अस्वस्थ झाले की हालचाल थांबे, शांत झाले की पुन्हा सुरू होई. 1915 साली त्याने भय आणि क्रोध यांच्या वेळी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसाचे कार्य विशद केले. हृदय धडधडते, रक्त स्नायूंकडे धावते, पचन थंडावते, तोंड कोरडे पडते. देह झुंजीला किंवा पळायला सज्ज होतो. राणीसमोर उभ्या राहिलेल्या फारियाच्या देहात हेच चालले होते. 1936 साली हान्स सेली याने उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की, छळ कोणत्याही जातीचा असो, तो लांबला की देहात तेच तीन बदल होतात: त्या ग्रंथी फुगतात, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. 'ताण' हा शब्द वैद्यकात रुळला तो येथून.

शोकाने ऊर फुटतो, असे आपण म्हणतो. 1990 साली जपानी वैद्यांनी एका हृद्रोगाचे वर्णन केले. जबर मानसिक धक्क्यानंतर, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत, हृदयाचा डावा कप्पा एकाएकी दुबळा होऊन फुगतो. त्याचा आकार तेथील कोळ्यांच्या अष्टपाद धरण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' हे त्या मडक्याचेच नाव पडले. रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, तरी हृदय थकते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत सुधारतात, काही दगावतातही.

आश्वासनाची बाजूही अशीच उघड झाली. 1978 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाढ काढलेल्या रोग्यांना औषध म्हणून निर्गुण द्रव्य टोचले आणि पुष्कळांची वेदना उतरली. मग अफूच्या वर्गातील औषधांचा परिणाम पुसून टाकणारे नॅलॉक्सोन दिले, तेव्हा तो आराम नाहीसा झाला. याचा अर्थ असा की, विश्वासाने जो आराम वाटला तो 'भास' नव्हता. मेंदूने स्वतःच निर्माण केलेली वेदनाशामक द्रव्ये तेथे काम करीत होती.

आता एक विरुद्ध उदाहरण सांगितले पाहिजे, कारण या विषयात वाहवत जाणे फार सोपे आहे. सेलीच्या उंदरांनंतर माणसाच्या जठरव्रणाचे कारण काळजी आणि तिखट हेच, असे वैद्य अनेक दशके सांगत राहिले. 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरेन आणि मार्शल यांनी जठरातला एक जंतू वेगळा काढला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शलने 1984 साली तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुसंख्य जठरव्रण या जंतूचे वा काही वेदनाशामक गोळ्यांचे फळ म्हणून ओळखले जातात आणि जंतूवर प्रतिजैविके देतात. ज्यांना वर्षानुवर्षे 'काळजी करू नका, बरे व्हाल' एवढेच ऐकावे लागले, त्यांची दुखणी खरे तर दोन आठवड्यांच्या औषधाची होती. मन वेदना उतरविते, मळमळ शमविते, रक्तदाब चढविते. पण गाठ विरघळविणे अथवा क्षयाचा जंतू मारणे हे त्याच्या आवाक्यातले नव्हे.

देवळाशी निगडित असलेल्या आपल्या समाजात या दोन्ही चुका आम्ही नेहमी पाहतो. घरातील एखाद्या बाईचे डोके महिनोन् महिने दुखते, छाती भरून येते, अन्न जात नाही. तपासणीत काही निघत नाही. मग 'काही नाही, मनाचे आहे' असा निकाल लागतो, आणि त्या दिवसापासून तिचे कण्हणे कोणी ऐकत नाही. मनाचे आहे म्हणजे काही नाही, हे कोणी सांगितले? चरकाने तर शंकाविषावर पेय दिले होते. उलट दुसऱ्या घरी छातीत गाठ हाताला लागलेली असते, आणि पाकळ्या उजवीकडून पडल्या म्हणून वैद्याकडे जाणे पुढल्या जत्रेपर्यंत लांबते. कौलावर आमची श्रद्धा आहे. देवासमोर आपले गाऱ्हाणे कोणी तरी मोठ्याने बोलून दाखवितो, चार माणसे ते ऐकतात, आणि कोंडलेला जीव मोकळा होतो, याचे मोल आम्ही जाणतो. मंगेशीला किंवा कवळ्याला जाऊन आलेला माणूस त्या रात्री बरा झोपतो, हे खोटे नव्हे. परंतु ज्याने दैवव्यपाश्रय लिहिले त्यानेच त्याच वाक्यात युक्तिव्यपाश्रयही लिहिले आहे. गाऱ्हाणे सकाळी घालावे आणि दुपारी इस्पितळाची वाट धरावी, यात देवाचा कोणताच अवमान नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला फारियाचा पुतळा 1945 साली उभारला गेला. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ती कृती आहे, आणि तिचे सामर्थ्य कोणासही मान्य व्हावे असे आहे. उंच पाद्री पुढे झुकलेला, दोन्ही पंजे पसरलेले, आणि त्या पंजांखाली मागे कोसळणारी स्त्री. पाहणारास वाटते की, त्या बोटांतून काही तरी वाहत आहे. त्या बोटांतून काहीही वाहत नाही, एवढेच सांगण्यासाठी फारियाने आपली शेवटची सहा वर्षे वेचली होती. त्याच्या मते जे घडत होते ते सर्व त्या स्त्रीच्याच ठायी घडत होते.